पाठीवरचा पाय

आई, मला तुला एक विचारायचं आहे. तू गेलीस तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आता माझ्याच कानामागचे केस पांढरे व्हायला लागलेत. मधल्या काळात तुला विचारायच्या गोष्टी इतक्या साचल्या की त्यातल्या बऱ्याच आपोआप विरून गेल्या. कुरडईचा चीक कधी उतरवायचा, सासरच्या माणसांपुढं किती बोलायचं, ते सगळं याला-त्याला विचारून निभावलं. पण ही एक गोष्ट दुसऱ्या कुणाला विचारण्यासारखी नाही. मी सव्वीस वर्षांची असताना, शिक्रापूरच्या भाड्याच्या खोलीत, भर दुपारी माझ्या पाठीवर कुणीतरी पाय ठेवला. त्यानंतर माझा डावा पाय जवळजवळ गेलाच होता. पाठवायला पत्ता नाही हे कळतं मला, तरी लिहितेय. तो पाय तुझा होता का, आणि असला तर तू मला बरं करायला आली होतीस का, एवढंच मला हवं आहे.

तू पायाळू. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आले, म्हणून पायाळू. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण निघून जाते, हे आपल्या वडगावात काय आणि नदीपलीकडं काय, कुणाला पटवून द्यावं लागत नव्हतं. आभाळ गडगडायला लागलं की आजी तुला बाहेर पाऊल टाकू द्यायची नाही, पायाळू माणसावर वीज पडते म्हणून. त्यामुळं वळवाच्या दिवसांत तुला घरात बसून आयता चहा मिळायचा आणि काकू धुसफुसत वाळवणं गोळा करायची. रविवारी आणि मंगळवारी सकाळी आपल्या अंगणात बाप्ये माणसं ओळीनं पालथी पडलेली असायची. नवख्या माणसानं पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथं आत्ताच मोठी मारामारी झाली. तू अजून पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नसायचा. मोरीवर जाऊन डावा पाय तांब्याभर पाण्यानं धुवायचीस, ओल्या पायानंच अंगणात यायचीस आणि कुणाशी एक शब्द न बोलता एकेकाच्या कमरेवर तीनदा टाच दाबायचीस. मग लगेच वाकून त्याच माणसाच्या पाया पडायचीस. पालथ्या माणसाच्या पाया पडायचं म्हणजे तळव्यांना हात लावावा लागतो. कुणाच्या तळव्यांना शेण, कुणाच्या भेगांत काळी माती. तू ते हात पदराला पुसायचीस आणि चुलीपुढं येऊन बसायचीस.

आजोबांना खत भरताना उसण भरली तो दिवस मला स्पष्ट दिसतो. आजोबा घोंगडीवर पालथे झालेत. तू उंबऱ्यातच अडलीस. ज्या सासऱ्यासमोर आठ-दहा वर्षांत तुझा आवाज फुटला नव्हता, त्याच्या पाठीवर पाय द्यायचा. पदर पुढं ओढून तू दातात धरलायस आणि तुझे कान लाल झालेत. आजी आतून हळूच म्हणते, "जा की गं, म्हाताऱ्याचा जीव चाललाय." आणि आजोबा खालच्या मानेनंच बोलतात, "दे गं पोरी, लाजू नको. मला काय दिसतंय व्हय? माझं त्वांड मातीत हाय." मी चुलीपुढं फुंकणी धरून बसले होते आणि हसून हसून माझ्या डोळ्यांत धूर गेला. तू पाय ठेवलास, आणि आजोबांनी जो सुस्कारा सोडला तो अजून कानात आहे. घरातलं कुणीच त्यांच्यासाठी तेवढं करू शकत नव्हतं. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला आणि त्याहून जास्त हेवा वाटला त्या सगळ्या पाठींचा.

म्हणून तर एका रविवारी मीही जाऊन त्या ओळीत पडले. मला काहीही झालेलं नव्हतं. मला नुसता तुझा पाय पाठीवर हवा होता. तू एकेक करत माझ्यापर्यंत आलीस आणि थांबलीस. मी डोळे मिटून वाट बघतेय, आणि पाठीऐवजी दंडाला हिसका बसला. "ऊठ! ऊठ म्हंते न्हवं!" सगळ्या लोकांदेखत मला फरफटत आत आणलंस, चुलीपुढं आदळलंस. तुला इतकं चिडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "पोटच्या लेकराला ह्यो पाय लावायचा नसतो. परत अशी आडवी आलीस तर बघ." मी विचारलं, का? तू परातीतलं पीठ मळत राहिलीस. मग खालच्या आवाजात म्हणालीस, "दुखणं जात न्हाई गं बाई. ते सरकतं. मी निस्तं सरकिवती. कुठं जाऊन बसतं ते मला बी दिसत न्हाई. लोकाचं सरकलं तर सरकलं. तुझं कुठं जाऊन बसंल, ह्यो घोर मला कशाला?" मला काही कळलं नाही. मी रुसून बसले आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही गेले.

तू काविळीनं गेलीस, दवाखान्यात, दिवसाउजेडी, सगळी माणसं भोवती असताना. त्यात गूढ काही नव्हतं. गूढ सुरू झालं ते तेराव्यानंतरच्या पहिल्या रविवारी. आप्पा मळ्यात गेले होते, काकू गिरणीत. मी मागं भांडी घासत होते. पुढं कुणीतरी खाकरलं म्हणून हात पुसत दारात आले, तर नदीपलीकडचा, दौंड बाजूचा एक म्हातारा अंगणात पालथा पडलेला. त्याला कुणी सांगितलंच नसावं. डोक्याचं मुंडासं बाजूला ठेवून, हातांवर कपाळ टेकून, डोळे मिटून तो नेहमीसारखा वाट बघत होता. आई वारली असं सांगायची सवय अजून तोंडाला झाली नव्हती. मी चौकट धरून उभी राहिले. अंगणात कोंबड्या टिपत होत्या. त्या एकदम दोन्ही बाजूंना सरकल्या, तू दारातून यायचीस तेव्हा सरकायच्या तशा. मी मागं वळून बघितलं, मोरीपाशी कुणी नव्हतं. म्हाताऱ्यानं "आई गं" करून श्वास सोडला, थोडा वेळ तसाच पडून राहिला, मग उठून कंबर डावी-उजवीकडं वळवून पाहिली. मला बघून म्हणाला, "झालं. हलका झालो बघ. आईला सांग, पल्याडचा म्हातारा बरा हून गेला. आन् पाय लई गार हुता म्हणावं आज, किती येळ पान्यात हुबी ऱ्हायली?" तो गेला. मी आत येऊन चूल पेटवली आणि तिच्याजवळ बसून राहिले, कारण मला थंडी वाजत होती.

पुढं मी शिकले, रांजणगावच्या एका कंपनीत लागले. पार्टचे ट्रे उचलून तपासणीच्या टेबलावर ठेवायचे, तपासायचे, परत उचलायचे. शिक्रापूरला हायवेवर हार्डवेअरच्या दुकानावर खोली घेतली होती, एक लातूरकडची मुलगी सोबतीला. कंपनीची बस चुकली की तिच्या स्कूटीवर दोघी. पाठ आधी नुसती भरून यायची, मग चमकायला लागली, मग ते दुखणं मांडीतून, पोटरीतून डाव्या अंगठ्यापर्यंत तापलेल्या तारेसारखं उतरायला लागलं. दोन-तीन वर्षं मी पट्टा बांधून, गोळ्या गिळून काढली. शिंकताना भिंत धरायचे. फोटो काढल्यावर शिरूरचे डॉक्टर म्हणाले की मणक्यातली गादी बाहेर येऊन नस दाबतेय, ऑपरेशनचा विचार करावा लागेल. घरी काकू म्हणाली, "मणक्याला सुरी लागली की मानूस हातरुणातच गेलं म्हणून समज. आन् पोरीच्या जातीला लग्नाचं काय?" आप्पांनी कागद पिशवीत घालून पिशवी खुंटीला अडकवली, म्हणजे ऑपरेशनला त्यांचं नाहीच. काकूनं शिरूरमध्ये एक पायाळू टेंपोवाला शोधून काढला. त्या बिचाऱ्यानं लाजत लाजत मोटरसायकलला किक मारावी तशी माझ्या कमरेत एक मारली आणि मी आठवडाभर उठू शकले नाही. तो घरी येऊन माफी मागून गेला. गावातल्या बायका मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणायच्या, "हिच्या आईनं सगळ्या मुलखाच्या पाठी बऱ्या केल्या, आन् पोरीची बघा."

आता ती दुपार. रात्रपाळी करून मी खोलीवर आलेली. सोबतीण पहिल्या पाळीला. मला बसता येत नव्हतं, उताणं झोपता येत नव्हतं, पालथं पडलं की थोडं बरं वाटायचं, म्हणून गादीवर पालथी पडून मी उशी दातात धरली होती आणि ओरडत होते. तुला हाक मारली नव्हती, हे मला पक्कं आठवतं. मी कुणालाच हाक मारत नव्हते. खाली हायवेवर कंटेनर जात होते आणि प्रत्येक कंटेनरला खिडकीची काच थरथरत होती. मग ती थरथरायची थांबली. एकही गाडी जाईना. अशी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती, आणि त्या शांततेत मोरीत पाणी सांडल्याचा आवाज आला, कुणी तांब्या हळू हळू ओतावा तसा. दाराला आतून कडी होती. फरशीवर पावलं आली. एक पाऊल नीट, एक पाऊल फट्. नीट, फट्. माझ्या डोक्याशी न येता ती कमरेशी येऊन थांबली. मला मान वळवता आली असती, पण मी वळवली नाही. गार, ओली टाच कुर्त्यावरून कमरेवर टेकली. भेगा कापडाला अडकलेल्या मला कळल्या. एकदा दाबली. दुसऱ्यांदा दाबली. तिसऱ्यांदा दाबताना तिनं पूर्ण भार टाकला, आणि माझं दुखणं नळ बंद केल्यासारखं थांबलं. मग माझ्या दोन्ही तळव्यांना कुणीतरी हात लावला. आई, त्याच क्षणी मी सर्वांत जास्त भ्याले. लेकीच्या पाया कुणी पडतं का? काच पुन्हा थरथरायला लागली तेव्हा मी रडत होते, पण दुखत काहीच नव्हतं. संध्याकाळी सोबतीण आली आणि म्हणाली, "पाठीवर काय सांडलंस गं? केवढं ओलं झालंय." घाम असेल, म्हणाले मी. मोरी ओली होती, पण मोरी काय, कायमच ओली असते.

काकूला फोनवर सांगितलं तर तिनं फोनवरच हंबरडा फोडला. "आली बघ! लेकरासाठी आली! पायाळूचा पाय मेल्यावर बी खोटा पडत न्हाई." तिनं नारळ फोडला, तुझ्या नावानं पुरणाचा नैवेद्य केला, अर्ध्या गावाला प्रसाद वाटला. आप्पांनी फोन हातात घेऊन एवढंच विचारलं, "कंचा पाय?" मी म्हटलं, डावा. त्यांनी फोन ठेवून दिला. ते दिवस किती सुखाचे गेले म्हणून सांगू! मी वाकत होते, शिंकत होते, बसच्या मागच्या सीटवर बसत होते. डाव्या पायातली चप्पल मधूनमधून निघून पडायची. एकदा रस्त्यावर एक बाई मागून ओरडली, "ओ ताई, चप्पल राहिली!" तर मी तशीच अनवाणी पंधरा-वीस पावलं चालून आलेले आणि मला पत्ता नाही. मी हसले. बसच्या पायरीला अंगठा अडकून दोनदा पडले, तेव्हाही हसले. काकू म्हणायची, एवढं दुखणं गेल्यावर पाय हलका पडणारच. इतकी वर्षं तुझ्या अंगणातून माणसं हलकी होऊनच गेली होती, त्यामुळं हलकं होण्यात काही वाईट असेल असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, एवढंच आम्हाला माहीत.

सुट्टीला मी दौंडला मामांकडं गेले. मामा रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून तुझ्या माहेरच्या त्याच घरात, लाइनीजवळ राहतात. गल्लीच्या फरशीवरून मी आत आले तेव्हा ते ओट्यावर माझ्याकडं पाठ करून वाटाणे सोलत बसले होते. मी अजून हाक मारलेली नाही. मामांचे हात थांबले. मागं न बघताच ते म्हणाले, "आक्का? आलीस व्हय?" आणि मग वळले. वाटाण्याचं ताट मांडीवरून घसरलं, दाणे सगळ्या ओट्यावर. "मामा, मी आहे," मी म्हटलं. ते माझ्या पायाकडं बघत होते. "परत चाल. त्या कोपऱ्यापत्तोर जा आन् परत ये." मी गेले, आले. नीट, फट्. नीट, फट्. आता मलाही ऐकू आलं. मामा म्हणाले, "आक्काचा डावा पाय शेवटी शेवटी असाच वाजायचा. वर उचलायचाच न्हाई. आमी म्हणायचो, दाखीव कुनाला तरी, तर म्हणायची, दुखत न्हाई तर दाखवू काय?" आणि त्या क्षणी मला आपलं स्वयंपाकघर आठवलं, सारवलेल्या जमिनीवरचा तो आवाज, ज्याला मी कधी पाय वाजणं म्हटलंच नव्हतं. माझ्यासाठी तो आई जवळ आल्याचा आवाज होता. मामांनी मला खाटेवर बसवलं. "आंगठा वर कर." मी केला. निदान मला वाटलं मी केला. मामा म्हणाले, "अगं, कर की." आम्ही दोघंही त्या अंगठ्याकडं बघत बसलो आणि तो हलला नाही.

त्याच दिवशी दौंडच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी पायावर टाचणी टोचली, माझा चेहरा बघितला, आणखी टोचली. "दुखायचं कधी थांबलं?" मी सांगितलं. "आणि मग तुम्ही आला नाहीत?" "दुखत नव्हतं," मी म्हटलं. ते शांत माणूस, पण त्यांनी पेन टेबलावर आपटलं. "बाई, इतके दिवस ती नस ओरडत होती. ओरडून ओरडून ती मरायला लागली म्हणून गप्प झाली. त्याला बरं होणं म्हणत नाहीत." पाय परत येईल का, हे त्यांना सांगता येत नव्हतं. तिथं बसल्या बसल्या मला तू पीठ मळता मळता बोललेलं वाक्य न् वाक्य आठवलं, आणि माझ्या अंगावर जो काटा आला तो टाचणीनं आला नव्हता. आप्पांनी या वेळी कागद खुंटीला अडकवले नाहीत. दाखवलं तिथं सही केली आणि मामांच्या खांद्यावर हात टेकून उभे राहिले. सकाळी मला आत नेताना एक सिस्टर समजावून सांगत होती, "घाबरू नका ताई, भूल दिली की तुम्हाला पालथं झोपवणार, काही कळणारसुद्धा नाही." पालथं म्हटल्यावर मी उठून बसले. तिला वाटलं ऑपरेशनला भ्याले. मी मनातल्या मनात तुला सांगत होते, आई, हात जोडते, आता येऊ नकोस. या पाठीवर आज तू पाय द्यायचा नाहीस. तुझ्याशी इतकं कठोर मी कधी बोलले नव्हते. मग तोंडावर मास्क आला आणि मी गेले.

शुद्धीवर आले ती दुखण्यानंच. पाठीत नव्हे, पायात. कमरेपासून अंगठ्यापर्यंत मिरची चोळल्यासारखा पाय पेटला होता. मी किंचाळले. डॉक्टर धावत आले, पांघरूण बाजूला केलं, "कुठं? अंगठ्यापर्यंत जातंय? छान, फार छान," आणि लहान मुलासारखे हसले. मी त्यांना मनात काय काय शिव्या दिल्या ते लिहीत नाही. पण अंगठा, आई, एवढासा, गव्हाच्या दाण्याएवढा हलला. मामा रडले. आप्पा दारातच उभे होते, ते आत आले नाहीत, बाहेर जाऊन बाकावर बसले.

पुण्याहून दौंडला गाडीतून येताना मी मागच्या सीटवर आडवी होते आणि आप्पा माझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तू गेल्यापासून त्यांनी तुझं नाव काढलेलं मी ऐकलेलं नव्हतं. पाटस ओलांडल्यावर ते खिडकीतून बाहेर बघत बोलायला लागले, जणू रस्त्यालाच सांगतायत. "तुला आत न्हेल्यावर मी बाहीर बाकावर बसलो. तुझा मामा च्या आणाया गेलता. म्होरल्या मोकळ्या जागंत कुनी न्हाई. आन् पावलं वाजाया लागली. त्या दारापत्तोर जायाची, थांबायची, माघारी यायाची. फट् फट्. माझ्या म्होरून जाताना मी पाय आत घेत हुतो, तिला आडू नये म्हणून." मी विचारलं, "तुम्ही वर बघितलं नाही?" "न्हाई बघितलं. बघितलं आसतं तर मी रडलो आसतो, आन् दवाखान्यात रडनं बरं न्हाई. लई येळ येरझाऱ्या घालत हुती. शेवटी मी म्हटलं, बस की आता, दमशील. तवा माझ्या शेजारी बाक दबला." मग गाडी दौंडच्या फाटकाला थांबली. मी डोळे मिटून पडून राहिले, रस्त्याच्या प्रत्येक धक्क्याला पाय ठणकत होता आणि मला तो ठणका मोजून घ्यावासा वाटत होता.

पाय बराच परत आला. अंगठा अजून पूर्ण वर होत नाही, दमले की चप्पल सुटते. कंपनीनं बसून करायचं काम दिलं. लग्नही झालं, काकूच्या सगळ्या भाकितांना पुरून उरून. शिरूरला आमचं दोन खोल्यांचं घर आहे, आणि सासरी बाकी कुणाला माहीत नसलेली ही गोष्ट मी ह्यांना लग्नाआधीच सांगितली होती. ऐकून ते म्हणाले, "आईंना दया आली असेल, त्यात त्यांचं काय चुकलं?" तेव्हापासून मी त्या वाक्याभोवतीच फिरतेय. तू आली नसतीस तर मी ओरडत राहिले असते, आणि ओरडत ओरडत कदाचित आधीच पुण्याला पोचले असते, पाय शाबूत असताना. किंवा ओरडतच आयुष्य काढलं असतं, कारण ओरडणाऱ्या बाईला आपल्याकडं पट्टा आणि गोळी देतात, ऑपरेशन नाही. कधी वाटतं, तू मुद्दाम ते दुखणं पायात सरकवलंस, म्हणजे तरी ही माणसं हलतील. पण मग मला तळव्यांना लागलेले ते हात आठवतात, आणि वाटतं, तुझ्याकडं काही बेत नव्हता. तुला माझं ओरडणं ऐकवलं नाही. जे आयुष्यभर करायचं नाही म्हणून तू मला अंगणातून फरफटत नेलंस, तेच करून बसलीस, आणि करताना माझी माफी मागितलीस. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, एवढंच तुलाही माहीत होतं. तुझाही पाय तसाच गेला होता की. माझा तुझ्यावर राग नाही. तू घाबरली असशील नंतर, ऑपरेशनच्या त्या बंद दारापुढं, तेवढं मला सहन होत नाही.

टाक्याभोवती तळहाताएवढी जागा बधिर राहिली आहे. डॉक्टर म्हणाले, वरवरच्या बारीक नसा कापल्या जातात, तिथलं कळणं बहुतेक परत येत नाही, पण त्यानं काही बिघडत नाही. आंघोळीला गरम पाणी पडतं तेव्हा आजूबाजूला कळतं आणि नेमकं तिथं कळत नाही. ह्यांनी तिथं हात ठेवला तरी मला सांगावं लागतं की ठेवलाय. मागच्या तपासणीला विचारलं, "त्या बधिरपणाचा काही त्रास?" मी म्हटलं, "छे, मुळीच नाही." घरी येईपर्यंत रिक्षात मी तोंडाला पदर लावून रडत होते, आणि रिक्षावाल्याला वाटलं दवाखान्यातनं वाईट बातमी घेऊन चाललेय. हे कुणाला सांगितलेलं नाही, तुलाच सांगते. पाय परत आला याचा मला आनंद आहेच. पण आता तू आलीस आणि पाठीवर पाय ठेवलास, तरी मला कळायचं नाही. कदाचित तू येऊनही गेली असशील.